तुझ्या अर्ध्या वावरातली तिखाडी

मंदा,

तुझ्या जलदानविधीला आलेली जी ती बाई मला जवळ घेऊन एकच सांगत होती, "मंदा लय शांत होती वो." शांत! मी पदर तोंडाला लावला तो हसू दाबायला. समोर तुझा फोटो, भंतेजी गाथा म्हणताहेत, आणि मला तू दिसतेस ती जिप्समच्या पोत्यांसमोर कमरेवर हात ठेवून उभी, डोक्यावरचा पदर घसरलेला, बोलून बोलून आवाज बसलेला. चारचौघांत तू शांतच होतीस, ते काही खोटं नाही. तुझं सगळं भांडण तू माझ्यासाठी राखून ठेवलं होतंस.

लोकांच्या जावा-जावा भांडतात त्या सासूच्या दागिन्यांवरून, नाहीतर चुलीवरून. आपल्यात ते कधी झालं नाही. सासूबाईंकडे दागिनाच नव्हता, हेही एक कारण असेल. आपण भांडलो ते मातीवरून. खाऱ्या मातीवर उपाय करावा का नाही, आणि केला तर गवताच्या तेलाचा वास राहतो का जातो, एवढ्या एका गोष्टीवर आपली इतकी वर्षं गेली. म्हातारी मी झाले. तू व्हायच्या आधीच उठून गेलीस. गुडघे माझे गेलेले, बीपीची गोळी मला, आणि कावीळ होऊन गेलीस तू. मोठ्या जावेच्या आधी धाकटीनं जायचं, ही कुठली रीत? मला तुझा राग आला आहे. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट बोलता येईल.

आपल्या वावराची गोष्ट तुला काय सांगायची, पण आज मला सांगाविशी वाटते. संग्रामपूरच्या खालच्या अंगाचा तो खारा पट्टा. विहीर खणली तर पाणी तोंडात धरवत नाही. माती ओली असली की पायाला गोळे चिकटतात, वाळली की ढेकूळ कुदळीचं ऐकत नाही, आणि उन्हाळ्यात वर पांढरा थर फुटतो. मामंजींनी मजुरी करून करून ती जमीन घेतली तेव्हा गावानं त्यांना येड्यात काढलं होतं. ते स्वतःच म्हणायचे, "चांगली असती तर आपल्या वाट्याले आली असती का?" आणि मिशीत हसायचे. आपण दोघी त्या घरात आलो तेव्हा वावरात कधी ज्वारी, कधी हरभरा, जे पदरात पडेल ते. माझी झेडपीच्या शाळेतली नोकरी होती म्हणून घर चालत होतं. हे मी फार वेळा बोलून दाखवायचे, असं तुझं म्हणणं होतं.

तिखाडी तू आणलीस. तुझं माहेर सातपुड्याच्या पायथ्याचं. तिथं डोंगराच्या उतारावर ते गवत आपोआप उगवतं, चुरगाळलं की हाताला गुलाबासारखा वास येतो, आणि त्याचं तेल गुडघ्याला चोळतात. दिवाळीहून परत येताना लोकांच्या लेकी चिवडा आणतात, तू तेलाच्या रिकाम्या डब्यात गवताचे ठोंब घेऊन आलीस. एसटीत कंडक्टरनं विचारलं म्हणे, "हे काय हाय वं ताई?" तर तू म्हणालीस, "औषध हाय." वावराच्या कडेला तू ते लावलंस. मी म्हटलं, खाऱ्या मातीत ज्वारी धड येत नाही, गवत काय येणार! ते आलं. पिवळट आलं, तोकडं आलं, पण मेलं नाही. दोन-तीन वर्षांत कडेचं गवत आत सरकलं, आणि ज्वारी मागं हटली. मग तुझ्या भावानं त्याच्याकडची जुनी डेग, गवत उकळून वाफेवर तेल काढायचं नळीचं भांडं, दिली, आपण ढोरांच्या कोठ्याच्या मागं भट्टी मांडली, आणि आपल्या घरात पहिल्यांदा तेल उतरलं. पाण्यावर तरंगणारं ते पिवळसर तेल तू चमच्यानं गोळा करत होतीस आणि श्वास घ्यायची विसरली होतीस. मला तुझी मान आठवते, वाकलेली, घामानं चमकणारी.

पण गवत पिवळं का, हे माझ्या डोक्यातून जाईना. मास्तरीण ना मी. मातीचा नमुना पिशवीत भरून बुलढाण्याला नेऊन दिला. निकाल आला: सामू जास्त, सोडियम जास्त, जिप्सम टाका. संध्याकाळी आपण ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो, तेव्हा तू विचारलंस, "सामू म्हंजे काय वो बाई?"

"माती आंबट किती अन् खारी किती, त्याचं माप," मी म्हटलं. "सात मंधात. खाली गेलं की आंबट, वर गेलं की खार. आपली लय वर हाय."

"मंग आंबट टाकलं का खाली येईन?"

"येईन. पन वावरात कितीक आंबट टाकशीन तू?"

तू शेंगा सोलत राहिलीस. मला वाटलं विषय संपला. तू गप्प बसलीस की काहीतरी शिजतंय, हे ओळखायला मला पुढं पुष्कळ वर्षं लागली.

त्याच महिन्यात गावात पाटलांच्या घरी लग्न होतं. पंगती उठल्या, ड्रमभर मठ्ठा उरला. उन्हानं आंबलेला. ते लोक तो नालीत ओतायला निघाले होते, तर तू म्हणालीस, "टाकू नका, मले द्या." बैलगाडीत ड्रम घालून तू तो वावरात आणलास, आणि तिखाडीच्या एका तासाला, एका आख्ख्या ओळीला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, घमेल्यानं पाजलास. वरण खारट झालं की आपण चिंच कोळून घालतो, तसंच हे, असा तुझा हिशोब. हिशोब चुकीचाही नव्हता. फक्त एक गोष्ट तुझ्या ध्यानात आली नाही: लग्नातल्या मठ्ठ्यात आचाऱ्यानं मीठ घातलेलं असतं, आणि मोकळ्या हातानं घातलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी गावातली झाडून सगळी कुत्री आपल्या वावरात. जमीन चाटून राहिलेली. कावळे वेगळेच. मी शाळेतून आले तर तू हातात तुराटी घेऊन या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर बांधाबांधानं पळते आहेस, आणि भाऊजी बाभळीखाली बसून पोट धरून हसताहेत. मी म्हटलं, "काय केलं वं हे?" तू म्हणालीस, "सामू खाली आनून राह्यली." त्यानंतर मी तुला मिठाचं सांगितलं. तुझं तोंड एवढंसं झालं. आठ-दहा दिवसांत त्या तासाची पानं शेंड्याकडून करपायला लागली, आणि तू त्या बाजूनं जाणंच सोडलंस.

एवढ्यावर थांबली असतीस तर ती मंदा कसली! दिवाळीनंतर कापणी झाली. करपलेल्या तासात जे काही चिवट ठोंब तगले होते, त्यांच्या दोन पेंढ्या झाल्या. त्या तू बाकीच्यांत मिसळू दिल्या नाहीस. एकट्याच डेगीत घातल्या, जाळ लावला. तेल थोडंच उतरलं, पण पेंढ्यांच्या मानानं बरं उतरलं, हे मलाही दिसत होतं. तू ते बोटावर घेतलंस, हुंगलंस, आणि माझ्या नाकाशी आणलंस.

"पाहा बाई. याले म्हन्तेत वास."

मी म्हटलं, "बरा हाय."

"बरा? अवं बाई, निरा गुलाब हाय! त्या गवताले तरास झाला ना, म्हनून त्यानं वास धरला. डोंगरावरच्या तिखाडीचंबी तसंच अस्ते. खडकात उगोते, पानी भेटत नाही, म्हनून तेल भरते."

आपल्या भांडणाची सुरुवात इथून झाली. मी जिप्सम मागवलं होतं, पावसाच्या आधी पसरायचं होतं. तू म्हणालीस, सगळ्या वावरात टाकू देणार नाही. गवत माजंल, हिरवंगार होईल, ढोरं खातील, पण वास जाईल. मी म्हटलं, जिप्सम म्हणजे काही खत नव्हे, माती मोकळी करतं, पावसाच्या पाण्याबरोबर खार खाली धुऊन नेतं, मुळांना श्वास घेता येतो. गवत जास्त आलं तर तेलही जास्त. तू म्हणालीस, "जास्त तेल अन् चांगलं तेल एक नाही." आपल्या दोघींचे नवरे धुऱ्यावर बसून ऐकत होते. शेवटी आमचे हे वैतागून म्हणाले, अर्धं अर्धं करा न बापा. मग मामंजींनी लावलेल्या बाभळीपासून सरळ रेघ धरली. रस्त्याकडचा अर्धा माझा, जिप्समचा. नाल्याकडचा तुझा, जसा आहे तसा.

खरं सांगू का, माझा राग गवताचा नव्हताच. तुझं ते "तरास झाला म्हनून वास आला" माझ्या कानात खुपलं होतं. आयुष्यभर ऐकत आले मी ते. शाळेत, सत्कारात, शेजारच्या बाईच्या तोंडून: तुमच्या लोकांनी किती सोसलं, म्हणून तर तुमची पोरं एवढी हुशार निघाली. ते ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. सोसायला लागलं नसतं तर काय निघाली असती, ते कोणी पाहिलं? जी पोरं सोसता सोसता मेली, त्यांच्या हुशारीचं काय? हे सगळं मी तुला त्या दिवशी वावरात सुनावलं. चांगलंच सुनावलं, कारण वर्गात उभं राहून बोलायची सवय. तू ऐकून घेतलंस. मग शांतपणे म्हणालीस, "बाई, मी गवताचं म्हनून राह्यली. मानसाचं कोन म्हन्लं?"

 

त्यानंतर दर दिवाळीमागून आपल्याकडे दोन भट्ट्या लागायच्या. एक माझ्या अर्ध्याची, एक तुझ्या अर्ध्याची. एका वर्षी मी पहिली, एका वर्षी तू. मधल्या वेळात डेग धुवायची. साधीसुधी नाही. राखेनं घासायची, कोरं पाणी भरून उकळायचं, ती वाफ सगळ्या नळीतून जाऊ द्यायची, तरी तू नळीच्या तोंडाला नाक लावून म्हणायचीस, "अजून तुमचाच वास येते." परत पाणी, परत जाळ. अर्धा दिवस नुसता धुण्यात. गावातल्या बाया हसायच्या. गवत तेच, वावर तेच, डेग तीच, मग एकदाच काढा की! तू त्यांना म्हणायचीस, "बाईले शाळेत सवय हाय, एकेकाचा पेपर येगळा तपासायची." दोष माझ्यावर. वेगळं काढायचा हट्ट तुझा, आणि नाव माझं.

निकाल काय लागायचा? माझ्या अर्ध्यात गवत कमरेपर्यंत. पेंढ्या जास्त, एकूण तेल जास्त, यात वादच नव्हता. तुझ्या अर्ध्यात गवत मांडीएवढं, विरळ; पण पेंढीमागं पाहिलं तर काही वर्षं तुझं तेल वरचढ भरायचं. काही वर्षं नाही. पाऊस लांबला तर तुझं साफ कोरडं पडायचं, तेव्हा तू म्हणायचीस यंदा तरास जरा जास्त झाला. वासाचं म्हणशील तर तुझ्या तेलाचा वास नाकात वर चढायचा, माझ्याचा बसून राहायचा, गोडसर. कोणता चांगला? मी माझा म्हणायचे, तू तुझा. जिप्समनं वास जातो, हे तुझं म्हणणं मात्र खोटं ठरलं, हे मी आजही सोडणार नाही. माझ्या तेलाला वास होता. आणि खाऱ्या मातीत काही अर्थाचं उगवत नाही, हे माझं म्हणणंही फार टिकलं नाही. तेवढं तूही सोडलं नसतंस.

आणि तो व्यापारी! नांदुऱ्याहून यायचा, दोन्ही बाटल्या हुंगायचा, मान डोलवायचा, आणि आपल्या डोळ्यांदेखत दोन्ही तेलं एकाच कॅनमध्ये ओतायचा. पहिल्या वर्षी तू किंचाळलीस. तो बिचारा दचकून म्हणाला, "काय झालं ताई, सांडलं का?" अर्धा दिवस डेग घासलेल्या बाईला तो विचारतोय सांडलं का! तो गेल्यावर आपण दोघी कोठ्याच्या भिंतीला टेकून हसलो, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मग तू म्हणालीस, पुढच्या वर्षी एकच भट्टी लावू का? मी म्हटलं, नाही. तू म्हणालीस, मीबी तेच म्हन्ते. ज्याला विकायचं त्याला फरक नव्हता. फरक फक्त तुला होता आणि मला होता, आणि तेवढ्यासाठी आपण वर्षानुवर्षं राख घासली.

मंदा, मी रिटायर झाले तेव्हा सगळ्यांनी शाली दिल्या. तू काय दिलंस? दुसऱ्या दिवशी दुपारी मला ओसरीत बसवलंस, लुगडं गुडघ्यावर सारलंस, आणि न बोलता तेल चोळायला लागलीस. त्यानंतर रोज. थंडीत दोनदा. कधी तुझ्या अर्ध्याचं तेल असायचं, कधी माझ्या. मी विचारायचे, "आज कोनाचं हाय?" तू म्हणायचीस, "गुडघ्याले इचारा." मला आई लहानपणीच गेली, तुला माहीत आहे. माझ्या पायाला असा हात तुझ्याशिवाय कोणी लावला नाही. हे मी तुला कधी म्हटलं नाही. आपल्यात असं बोलायची पद्धत नव्हती, आणि म्हटलं असतं तर तू मला डॉक्टरकडे नेलं असतंस. आता सांगते. तू फार केलंस गं माझं.

यंदा पुन्हा जिप्सम टाकायची पाळी होती. उन्हाळ्यात गाडी सांगायची, पावसाआधी पसरायचं. त्याच्या आधी तुला ताप आला. डोळे पिवळे दिसायला लागले तर तू म्हणालीस उन्हाचं हाय. मग घाट चढून बुलढाण्याला नेलं तुला. दवाखान्यात मी दिवसा आणि तुझी स्वाती रात्री. तुझी लेक अकोल्याला नर्स आहे म्हणून मला धीर होता, पण तिचं तोंड पाहिलं की तो जायचा. तिला सगळं समजत होतं.

त्या दिवशी दुपारी वॉर्डात सगळे पेंगलेले होते. तुझ्या हाताला सलाईन. मी तुझ्या पायाशी बसून मोसंबी सोलत होते. तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "बाई."

"काय वं?"

"जिप्सम सांगतलं का?"

"सांगतलं नाही अजून. तू आधी बरी हो."

"सांगा. माया अर्ध्यातबी टाकून द्या यंदा." मग जरा थांबून, "तुमचंच खरं."

मंदा, माझ्या हातातली मोसंबी तशीच राहिली. इतकी वर्षं मी या शब्दांची वाट पाहिली होती. मनात कितीदा ठरवलं होतं, ही कबूल झाली की गावभर सांगीन, पेढे वाटीन. आणि तू ते दिलंस कुठं, तर त्या खाटेवर, पिवळ्या डोळ्यांनी. मला भीती वाटली. इतकी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती. तू हरायला तयार झालीस याचा अर्थ मला लगेच कळला. मी म्हटलं, "चूप बस. घरी चाल, मंग पाहू." तू हसलीस आणि डोळे मिटलेस. त्यानंतर तू पाणी मागितलंस, स्वातीला हाका मारल्यास, पण मातीबद्दल बोलली नाहीस. पुढच्या रविवारी आम्ही तुला घेऊन घाट उतरलो.

विधी झाला, पाहुणे गेले, घर रिकामं झालं. आणि परवा सकाळी जिप्समची गाडी आली. ह्यांनी सांगितली होती, पूर्ण वावराची. तू दवाखान्यात काय म्हणालीस ते मी घरात सांगितलं होतं ना. स्वाती माझ्याबरोबर वावरात आली. ड्रायव्हरनं रस्त्याकडं पोती उतरवली आणि विचारलं, "बाकीची तिकडं का?" स्वाती म्हणाली, "हो, नाल्याकडं."

मी म्हटलं, "नाही. तिकडं नाही."

"मोठी आई, आईनंच सांगितलं होतं नं?"

"सांगतलं असंल. मी नाही टाकत."

"तिची शेवटची इच्छा होती ती."

"सलाईन लावून घेतलेली कबुली मी धरत नाही. वावरात उभी राहून म्हनाली असती, तर गोष्ट येगळी."

स्वातीचे डोळे भरले. ती चिडली. तुझ्यासारखीच चिडते ती, आधी एकदम गप्प होते. गाडीचं इंजिन चालूच होतं. ड्रायव्हर एकदा तिच्याकडं पाहतोय, एकदा माझ्याकडं. मग ती म्हणाली, "तुम्हाले माहीत नाही आई काऊन तसं म्हनाली ते. मले सांगतलं तिनं, त्याच रात्री. म्हने, मी नसली तर बाईले एकटीले दोन भट्ट्या लागतीन. डेग घासनं लागन. तिचे गुडघे नाही वाकत आता. दोन्हीकडं जिप्सम पडलं का गवत एकसारखं होईन, मंग एकाच भट्टीत निंघून जाईन. म्हनून म्हनाली ती, तुमचंच खरं."

मी धुऱ्यावर बसले. ऊन होतं, धुरा तापलेला होता, तरी बसले. समोर तुझ्या अर्ध्यातले वाळलेले ठोंब, माझ्या अर्ध्यातले वाळलेले ठोंब, उन्हाळ्यात दोन्हीकडं सारखेच दिसतात. मी रडले, मंदा. दवाखान्यात रडले नव्हते, विधीला रडले नव्हते, तिथं रडले. स्वाती माझ्याजवळ येऊन बसली आणि दोघी रडलो. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि तो बाभळीखाली जाऊन उभा राहिला.

म्हणजे तुला पटलं नव्हतं तर. शेवटपर्यंत पटलं नव्हतं. तुला अजूनही तेच वाटत होतं, की तुझ्याच गवताला वास आहे, आणि तरी तू मला जिंकू दिलंस, माझ्या गुडघ्यांसाठी. तू मोठी की मी मोठी गं?

उरलेली पोती मी परत पाठवली. आमचे हे बोलले थोडं. रस्त्याकडचा अर्धा जिप्समचा, नाल्याकडचा तुझा, जसा आहे तसा. दिवाळीनंतर दोन्ही भट्ट्या लागतील, वेगवेगळ्या. स्वाती म्हणाली, मी रजा टाकून येते, डेग मी घासते. मी म्हटलं, तू जाळ पाहा, घासायचं माझं मी पाहते. तिनं काही ऐकलं नाही, आमची तिथंच वादावादी झाली. तुझ्या बाजूनं बोलायला आता ती आहे, तेव्हा मला काही सोपं जाणार नाही.

यंदा तुझ्या तेलाला जास्त वास निघाला तरी मी कबूल करणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. आणि दवाखान्यात त्या दुपारी तू मला जे म्हणालीस, ते मी ऐकलंच नाही.